महिषासुराला चार दिवस जगू दे

म्हैसूर, दसऱ्यानंतरचा गुरुवार

चि. विशालाक्षीस सर्वमंगला अक्काचे आशीर्वाद.

तुझे गुडघे, शिवराजप्पांचा दमा आणि सुपारीची बाग, तिन्ही बरी असतील असे धरून चालते. माझे पोट बरेच उतरले आहे. गेल्या महिन्यात त्यातून साडेतीन लिटर पाणी काढले. (अम्माच्या पोटातही हेच होते. आपण तिला वर्षभर ओव्याचे पाणी पाजत बसलो.)

त्या पाण्यातल्या माझ्या पेशी आता हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एका उबदार पेटीत राहतात. डॉक्टर शांभवी म्हणून एक मुलगी त्यांना एक दिवसाआड जेवू घालते आणि कोणत्या औषधाने त्या मरतात ते पाहते. अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल मिळेल ते मी वाचले आहे. (तुझे भावोजी जाऊन सहा वर्षे झाली, जेवताना समोर कोणी नसते, म्हणून पुस्तक उघडे ठेवायची सवय लागली.) या पेशी एकेकट्या पाण्यात पडल्या तर बहुतेक मरतात. म्हणून एकमेकींना धरून घोळक्याने तरंगतात, आणि आतड्यांवर चरबीचा पदर असतो, त्यावर जाऊन संसार थाटतात. चार जावांत राहिलेल्या बाईला हे समजायला प्रोफेसर लागत नाही.

तर आयुधपूजेला मी चुरमुरे-फुटाणे घेऊन वर गेले. सगळी यंत्रे गंध-फुले लावून शांत. शिपाई रुद्रप्पा दारात कोहळा फोडत होता. एकटी ती पेटी घरघरत होती. तुझे भावोजी या दिवशी मागाला हात लावू देत नसत, माहीत आहे ना? मला पेटीची दया आली. मी बटण बंद केले, वर झेंडू ठेवला आणि घरी जाऊन पोटभर पुरणपोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शांभवीचा फोन. "अज्जी, पेटीला सुट्टी कुणी दिली?"

मी लगेच कबूल केले.

"छान! आता त्या जगल्या तरच औषध कळणार."

मागून रुद्रप्पा ओरडला, "मंगलक्का, त्यापेक्षा कोहळा माझ्या डोक्यावर फोडायचा होता!"

मी चामुंडीच्या पायऱ्या चढायला निघाले. अकराव्या पायरीवर दम लागला, तिथूनच हात जोडले : आई, माझ्या महिषासुराला चार दिवस जगू दे. असला नवस त्या डोंगराने याआधी ऐकला नसेल.

जगल्या. एकट्यादुकट्या गेल्या, घोळके टिकले. आपल्या रक्तात एक दोष आहे : पेशीतले फाटलेले सांधणारा रफूगार जन्मतः अधू. त्यामुळेच हा कॅन्सर. पण त्यामुळेच एक औषध असे लागू पडते, की ते कॅन्सरच्या पेशींकडची उरलेली सुईही काढून घेते, आणि त्या आपल्याच फाटण्याने मरतात. परवा शांभवीने भिंगातून दाखवले, घोळके विस्कटले होते. "काचेत मेल्या म्हणजे पोटात मरतीलच असं नाही हं, अज्जी," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि जिना गुणगुणत उतरले. सोमवारपासून गोळ्या सुरू.

तुझी अक्का

ता.क. : वर 'आपल्या रक्तात' लिहिले ते चुकून नव्हे. अम्मा झाली, मी झाले. तुझ्यात तो दोष असेल किंवा नसेल; शक्यता निम्मी-निम्मी. नळीभर रक्त दिले की कळते. आणि असला तरी आत्ता कळला तर पुष्कळ करता येते, अम्मासाठी जे कुणी केले नाही ते.

ता.क. २ : माझी मागची तीन पत्रे तू न वाचता तांदळाच्या डब्यात ठेवलीस, हे तुझ्या यजमानांनीच कळवले. म्हणून या पाकिटावर शिवराजप्पांचे नाव घातले आहे. शिवराजप्पा, मोठ्याने वाचलेत ना? मग सोमवारी पहाटेच्या बसने तिला घेऊन या. रुसली तर रुसू द्या, खिडकीजवळ बसवा. मी बसस्टँडवर उभी आहे.