शिक्का परत पाठवत आहे

ह्वालिएन,
१८ एप्रिल २०२३

तीर्थरूप दादा,

हात जोडून, आणि जमेल तेवढी जीभ आवरून, नमस्कार.

तू सुखरूप पोचलास हे वहिनीच्या फोनवरून कळलं. "हे गाडीतून उतरल्यापासून तोंडातून शब्द काढत नाहीत. आ-च्यू, काय खायला घातलंस यांना?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्यांनीच बर्फात घालून आणलेले मासे त्यांनाच घातले, आलं टाकून पेज केली होती. ती हसली, पण तिचं समाधान झालं नाही.

इकडे ठीक. काल दुपारी भूकंपाचा बारीकसा धक्का बसला, भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं तेवढंच. ओट्याखालचा नळ तू दुरुस्त केलास तो आता गळत नाही. शेजारच्या बाई विचारत होत्या, तुमचे भाऊ प्लंबर होते का. मी सांगितलं, नाही हो, सदतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि अख्ख्या माडौ गावाची मृत्युलेखांची हौस फेडली. त्या म्हणाल्या, मग नळाचं कसं काय जमतं? मी म्हटलं, पुढच्या खेपेला त्यालाच विचारा.

आता मुद्द्याचं. या पत्राबरोबर कापसात गुंडाळून तुझ्या नावाचा शिक्का परत पाठवत आहे. भाताच्या कुकरशेजारी, वैद्यकीय महाविद्यालयाच्या कागदांवर तू तो ठेवून गेलास. वहिनी म्हणाली, "यांचा शिक्का तुझ्याकडे राहिला म्हणे, वय झालं आता." वहिनीला तसंच वाटू दे. पण दादा, मी तुला बहात्तर वर्षं ओळखते. गाडीतून उतरताना तू छत्री तीनदा चाचपतोस. दुसऱ्याच्या घरी टूथब्रश विसरलास असंही कधी झालेलं नाही. तो शिक्का आतल्या खिशात, कातडी पाकिटात, बटण लावलेला असतो. सहीच्या जागी तोच चालतो, म्हणून बँकेत कारकुनाच्या हातीसुद्धा तू तो देत नाहीस, स्वतः उठवतोस. असा माणूस शिक्का विसरत नाही. तू तो सोडून गेलास.

का ते मला कळलं. आणि खरं सांगते, आधी मला हसू आलं, मग भरून आलं, आणि मग तुझा असा राग आला की मी हातातला कप सिंकमध्ये आपटला. (निळा. तुझा आवडता. गेला तो.)

आपलं शनिवारचं भांडण आठव. मी कागद पुढे केले आणि सांगितलं की माझ्यामागे माझं शरीर विद्यार्थ्यांना द्यायचं ठरवलंय, मला मूलबाळ नाही, हे गेलेले, म्हणून जवळचा नातलग म्हणून तुझी संमती लागते. तू जेवणाच्या काड्या खाली ठेवल्यास.

"मास्तरीणबाई, आयुष्यभर बेडूक बरणीत घातलेत. आता स्वतःच बरणीत जायचं बाकी राहिलंय का?"

"बरणी माझ्या मापाची मिळत नाही, दादा. टेबल मिळतं."

"चेष्टा पुरे. आईनं दिलेलं अंग जसंच्या तसं तिच्यापाशी न्यायचं असतं. आपल्या घरात हे होणार नाही."

"जसंच्या तसं कुठे? अपेंडिक्स तर तूच मला सायकलवर नेऊन काढवून आणलंस."

तू हसला नाहीस. एरवी हसला असतास. मी पुढे बरंच काही बोलले, तीस वर्षं वर्गात बोलायची सवय. तू मासा सोलत राहिलास आणि सगळे काटे वेगळे करून माझ्या वाडग्यात मांस टाकत राहिलास, मी सहा वर्षांची असल्यासारखं. रविवारी सकाळी मी बाजारातून परत येईपर्यंत तू बॅग भरून दारात उभा होतास.

तेव्हा तुला न सांगितलेल्या दोन गोष्टी आज सांगते. पहिली सोपी आहे. छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, बाबांची कबर साफ करायला मी यंदा आले नाही, गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे उत्तम आहेत. दुखणं स्वादुपिंडाचं आहे. जठराच्या मागे दडलेलं असतं ते. तीस वर्षं मी फळ्यावर काढलं आणि तीस वर्षं पोरांनी ते चुकीच्या जागी काढलं. आता माझंच मला बरोबर सापडलंय. डॉक्टर तरुण आहेत, माझ्याकडे न बघता म्हणाले की शरदात पपनसं पिकायच्या सुमाराला पुन्हा बोलू. म्हणजे त्यापुढचं वचन ते देत नाहीत, हे मला समजलं. मी घाबरलेले नाही, दादा. पहिले चार दिवस घाबरले होते, नंतर कंटाळा आला. वहिनीला सांग, पण हळू सांग, ती रडायला लागली की शेजारी येतात.

म्हणून घाई आहे. तुला वाटलं असेल, शिक्का सोडून गेलो की ही आपली आपण उठवेल, काम होईल, आणि माझ्या हातानं काही झालं नाही असं मला म्हणता येईल. खरं ना? तू परवानगी दिलीही नाहीस आणि अडवलंही नाहीस. वर्गात तू मुलांना अशा किती अधिकाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्यास, ज्यांनी हुकूम काढला नाही, फक्त खोलीबाहेर गेले. त्या अधिकाऱ्यांना तू नापास करायचास.

आता दुसरी.

तुला वाटतं मला माहीत नाही. आईनं तिच्या शेवटच्या वर्षी मला सांगितलं. डोंगरावर बाबांच्या कबरीत बाबा नाहीत, त्यांचा कोट आहे.

लिहून टाकलं. आता जरा थांबते, चहा घेते.

हं. आई म्हणाली, लष्करी कायद्याच्या दिवसांत बाबांना वाचनमंडळ चालवल्याबद्दल सरकारनं धरलं, आणि गोळी घातल्याची बातमी आली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि मी पाळण्यात. मला मावशीकडे ठेवून ती तुला घेऊन तैपेईला गेली. पोचायला उशीर झाला. ज्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं त्यांना वैद्यकीच्या मुलांना शिकायला पाठवून दिलं होतं. ती त्या इमारतीच्या पायऱ्यांपर्यंत गेली. तिला आत घेतलं नाही. तू तिचा हात धरून पायरीवर उभा होतास आणि आतून वास येत होता. कुणीतरी कोट आणून दिला. परत येताना गाडीत तिनं तुला सांगितलं की धाकटीला हे कधी कळता कामा नये. आणि तू शब्द पाळलास. दरवर्षी माझ्यासमोर त्या कोटाची कबर खुरप्यानं साफ केलीस, पितरांसाठीच्या कागदी नोटा जाळल्यास, मला म्हणालास, "वाक, बाबा बघतायत." मी वाकले. आई गेल्यावर मला खरं माहीत असूनही वाकले, कारण तू माझ्याकडे बघत होतास.

तू माझ्या शाळेत यायचास तेव्हा प्रयोगशाळेच्या दारातून परत फिरायचास. मी सगळ्या शिक्षकांसमोर तुला हसायचे, "इतिहासाचे सर मेलेल्या राजांना भीत नाहीत, मेलेल्या बेडकाला भितात." त्या बरण्यांच्या वासानं तू कुठल्या पायरीवर जाऊन उभा राहत होतास, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. किती एकटा होतास रे तू त्या वासात!

तेव्हा आईनं दिलेल्या अंगाचं वगैरे मला सांगू नकोस. तुझा नकार तिथून येत नाही, पायऱ्यांवरून येतो. आणि तो नकार मला मान्य आहे. जगात त्याच्याइतका रास्त नकार मला माहीत नाही.

पण माझं ऐक. तुला युए-ओ आठवतात, आमच्या संगीताच्या बाई, तुझ्या गाण्याला "बदकाचा प्रामाणिक प्रयत्न" म्हणाल्या होत्या त्या. त्यांनी देह दिला. त्यांचं कुणी नव्हतं, म्हणून वैद्यकीचे विद्यार्थी त्यांची माहिती विचारायला माझ्याकडे आले. ची-यिन नावाची मुलगी होती, चष्मा सारखा घसरणारा. तिनं विचारलं, बाईंना काय आवडायचं, कशाचा राग यायचा, चालायच्या कशा. मी म्हटलं, हे शरीररचनेत कुठे येतं गं? ती म्हणाली, "आजी, टेबलापाशी त्यांचं नाव आणि आयुष्य लिहिलेलं असतं. आम्ही रोज आधी ते वाचतो आणि वाकून नमस्कार करतो. मग सुरुवात करतो."

"आणि चुकलं तर?"

"मोठ्यानं माफी मागतो. मी दोनदा मागितली."

वर्ष संपल्यावर त्यांनी युए-ओचं सगळं जागच्या जागी ठेवून टाके घातले, पांढरे कपडे चढवले आणि शवपेटी स्वतःच्या खांद्यावर नेली. मी मागून चालत होते. ची-यिन इतकी रडत होती की चष्मा मीच धरून ठेवला.

मी जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे ठामपणे सांगू शकते की बाबांच्या आणि युए-ओच्या, दोन्ही खोल्यांत सुरी तीच, वास तोच, स्नायूंची नावं तीच. निसर्गाला या दोन खोल्यांतला फरक कळत नाही. निसर्गात कुणी कुणाला विचारत नाही, वाघ नाही, जंतू नाही, माझं स्वादुपिंड तर नाहीच. विचारणं हे माणसांनीच आणलं, आणि माणसंच ते विसरतात. बाबांना कुणी विचारलं नाही. आईला विचारलं नाही. तुला, आठ वर्षांच्या पोराला, पायरीवर उभं केलं आणि विचारलं नाही.

म्हणून तुझा शिक्का मी उठवणार नाही. त्याच खोलीत जायला मी तुझ्या नकळत तुझं नाव वापरलं, तर मी त्यांच्यातलीच झाले.

शिवाय व्यवहाराचीही गोष्ट आहे. माझा श्वास थांबला की रिवाजाप्रमाणे मला आठ तास न हलवता जप करत बसायचं, असं तू आणि वहिनी धरून चालला आहात. महाविद्यालयाला तेवढा वेळ चालत नाही. कुणीतरी उठून लगेच फोन करावा लागेल, आणि तो तूच असशील. मनातून होकार नसलेला माणूस फोनकडे बघत बसतो. नुसत्या कागदावरच्या लाल ठशाचा तेव्हा काही उपयोग नाही.

तू नाही म्हणालास तर मला कोटाशेजारी ठेव. रुसणार नाही, वर येऊन तुझी झोपही मोडणार नाही. तुझं "नाही" मला चालेल, तुझ्या तोंडून आलेलं. फक्त शिक्का कुकरपाशी सोडून जाऊ नकोस.

आणि हो म्हणालास तर ये. लाल शाई आण, माझी वाळली. माझं आयुष्य टेबलापाशी लावायला चार ओळी लागतील, त्या तू लिही, माडौच्या सगळ्या कंजूष सावकारांना दानशूर केलंस तसं माझं करू नकोस. भांडखोर होती असं लिही. अपेंडिक्सचं लिही. पण पहिल्या ओळीत मी कुणाची मुलगी ते लिही, पूर्ण नावानं. शाळेच्या प्रत्येक अर्जावर तू मला शिकवलंस, वडील, वारले, एवढंच लिहायचं, नाव विचारलं तर पुटपुटायचं. ते माझ्यासाठीच होतं हे मला माहीत आहे. आता आपलं कोण काय वाकडं करणार आहे? चष्मे घसरणारी वीस-बावीस वर्षांची पोरं रोज सकाळी ते नाव मोठ्यानं वाचतील आणि वाकतील. ज्या टेबलावर बाबांचं नाव कुणी वाचलं नाही, तशाच टेबलापाशी. मला यापेक्षा चांगली कबर सुचत नाही, दादा, आणि मी बराच विचार केला आहे.

वहिनीला नमस्कार. येताना मासे नकोत, आता पचत नाहीत. तू मात्र ये.

तुझी धाकटी बहीण,
त्सेंग वेन-ताओ यांची मुलगी,
लि-च्यू