पिशवीवरची भाकरी

मृत्युपत्र लिहून ठेवणार : कानिफनाथ सहादेव डमाळे, वय वर्षे एकोणसाठ, धंदा बोर्ड व लेबले रंगवणे, राहणार तोफखाना, अहमदनगर. कारणे लिहून ठेवतो ऐसाजे, हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाचाही धाक नसताना आणि कसलेही नशापाणी न करता लिहीत आहे. तंबाखू हे नशापाणी धरत असतील तर दस्त आत्ताच फाडावा, कारण चाळीस वर्षांत माझे एकही अक्षर तंबाखूशिवाय उतरलेले नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला. काळ्यावरचे पांढरे मला वाचता येते. तेव्हा जे लिहायचे ते आता लिहितो.

आपल्या माघारी भांडणे नकोत म्हणून माणसे मृत्युपत्र करतात. माझ्या या कागदाने एक भांडण उभे राहणार आहे आणि ते राहिले पाहिजे. बियाणे व्यापारी श्रीमंतराव टेकावडे यांच्यावर ताकीद दडवून विषारी बियाणे विकल्याचा खटला नगरच्या कोर्टात चालू आहे. त्यात मी पोलिसांना दिलेला जबाब खोटा आहे. कसा, ते कलम चारमध्ये सांगतो. आधी घरदार वाटून घेतो.

कलम १. तोफखान्यातील दोन खोल्या, पुढच्या ओट्यासह, माझा मुलगा कारभारी यास. माझी बायको कै. पुष्पावती हिला भिंती निळ्या हव्या होत्या. मी अख्ख्या नगरची दुकाने रंगवली, पण घराला सोळा वर्षे नुसता चुना. ती म्हणायची, ‘लोकांच्या दारी सण आणि आपल्या दारी सुतक.’ मी म्हणायचो, निळ्या भिंतीत माणूस आजारी दिसतो. रंगातले मला कळते, तुला कळत नाही, हे त्यामागचे खरे वाक्य. कारभारीने घर रंगवावे आणि रंग त्याच्या बायकोला विचारून ठरवावा. स्वतःचे डोके चालवू नये, ते माझ्यावर गेलेले आहे.

कलम २. माळीवाडा वेशीजवळील दुकान, शिड्या, रंगाचे डबे, पिशव्या छापायच्या चौकटी, हे सर्व कारभारीला. खारीच्या शेपटीच्या केसांचे माझे अकरा ब्रश मात्र समोरच्या सूर्यभान पेंटरला द्यावेत. सूर्यभानशी माझे बावीस वर्षांचे वैर आहे. त्याचा ‘ळ’ जेवण करून आल्यासारखा दिसतो आणि त्याच्या शिरोरेषेवरून मुंगीसुद्धा सरळ चालणार नाही, असे मी गावभर सांगितले. ते अजूनही खरे आहे. पण त्याने लिहिलेली पाटी रस्त्याच्या पलीकडून म्हाताऱ्याला वाचता येते. माझी येत नाही. हे मला या वर्षी कळले.

कलम ३. हे कलम मिळकतीचे नाही, धंद्याचे आहे. कारभारीने ते पाठ करावे. मिठाईवाल्याला गुलाबी द्यावा, वकिलाला पांढऱ्यावर काळे, तेही वेलांटीला फाटा न फोडता, कारण वकिलाची वेलांटी वळली की पक्षकाराला शंका येते. तपकिरीच्या डबीला काळपट किरमिजी, म्हणजे बोट लागले तरी डाग कळत नाही. हे सगळे मी शोधून काढले आणि मला त्याचा फार गर्व होता. तांबड्याबद्दल माझे म्हणणे असे, की तो कुंकवात आणि पोस्टाच्या पेटीवर शोभतो, बाकी सगळीकडे वचवच करतो. गिऱ्हाईक तांबडा मागे, मी देत नसे. लोक हसत आणि मी म्हणतो तेच करत. असे हसून ऐकणारे लोक माणसाचे वाटोळे करतात.

कलम ४. १९७१ च्या दिवाळीनंतर श्रीमंतराव दुकानी आले. संकरित बाजरीचे बियाणे ते ‘सोनकणीस’ या नावाने विकणार होते आणि कापडी पिशवीवर त्यांना छाप हवा होता. किडीसाठी अशा बियाण्याला विषारी औषध चोळलेले असते, त्याने दाणा गुलाबी होतो. ते पेरायचे असते, खायचे नसते. श्रीमंतरावांनी चिठ्ठी लिहून दिली : खाली चार बोटे तांबडा पट्टा, त्यावर जाड पांढऱ्या अक्षरात ‘विष आहे, खाऊ नये’, आणि शेजारी कवटी.

मी त्या कामाला तीन आठवडे दिले. पिवळा लिंबाचा नको, हळदीचा हवा. हिरवा पानाचा नको, काचेच्या बांगडीचा हवा. ‘सोनकणीस’ची अक्षरे अशी काढली, की शिरोरेषा म्हणजे आडवे पडलेले बाजरीचे कणीस. मध्यभागी ताट आणि ताटात फुगून पापुद्रा सुटलेली भाकरी. आमची आई लवकर गेली. धाकटी बहीण छबू आठव्या वर्षापासून भाकऱ्या थापायची. मी तिचीच भाकरी आठवून काढली, कडेला करपलेल्या ठिपक्यासकट. आयुष्यात त्याहून चांगले चित्र माझ्या हातून झाले नाही.

मग पट्टा लावून पाहिला. तांबड्याने सगळे खाऊन टाकले. नजर भाकरीवर ठरेना, कवटीवर जाई. दोन दिवस मी तो कागद भिंतीला लावून बसलो आणि तिसऱ्या दिवशी पट्टा काढला. मला कोणी सांगितले नव्हते. ताकीद मी तळाशी, शिवणीलगत, केसासारख्या बारीक अक्षरात टाकली. तेवढे बारीक अक्षर नगरात दुसरे कोणी काढू शकत नाही, म्हणून तेही मला आवडले. पिशव्या शिवल्यावर त्यातले अर्धे शिवणीत गेले.

श्रीमंतरावांनी नमुना पाहून विचारले, “पेंटर, पट्टा कुठं गेला?”

मी म्हणालो, “शेठ, बियाणं म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीच्या पायाशी कवटी ठेवता का? तांबडं दिसलं की शेतकरी हात लावणार नाही. आणि खाली लिहिलंय की सगळं.”

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, “तुमच्या हाताला यश आहे. तुम्ही म्हणता तर असू द्या.”

सूर्यभान दुकानी येऊन पिशवी डोळ्यांजवळ धरून म्हणाला, “कानिफनाथ, हे वाचायला भिंग पिशवीत टाकनार का?” मी त्याला ‘ळ’वरून बोललो आणि घालवून दिला.

छबूबाई पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराखाली दिलेली. तिचे यजमान पुंजाराम यांनी १९७२ च्या पेरणीला सोनकणीसच्या चार पिशव्या नेल्या. पाऊस आला नाही. पिशव्या आढ्याला टांगून राहिल्या. पुढच्या पौषात घरात दाणा नव्हता, दुष्काळी कामावर मिळणारी परदेशी मिलो ज्वारी कधी मिळे कधी नाही, आणि नात भीमा भुकेने रात्रंदिवस किरकिर करी. तेव्हा छबूने पिशव्या खाली काढल्या. पुढचे तिने मला दवाखान्याच्या पायरीवर सांगितले, तसेच लिहितो.

पुंजाराम म्हणाले, “अगं, औशिद हाय त्याला.”

ती म्हणाली, “औशिद धुतल्यावर जातंय. आन पिशवीवर माझ्या भावानं भाकर काढलीया. खायाचं नसतं तर त्यानं भाकर काढली असती व्हय?”

पिशवीवर माझे नाव नव्हते. असते तरी तिला अक्षर येत नाही. तिने माझा हात ओळखला. गुलाबी पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत तिने दाणे धुतले, वाळवले, दळले. महिनाभर कोणाला काही झाले नाही. मग पुंजारामांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. चैत्रात ते नगरच्या दवाखान्यात वारले. छबू सगळ्यांना वाढून उरले तर खायची, म्हणून ती वाचली. भीमा नऊ वर्षांची आहे. पाण्याचा पेला तिला दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि तरी सांडतो. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. हाक मारली तर आधी सगळी मान वळवते.

जबाब घ्यायला हवालदार आले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर छबू माझ्या शेजारी बसली होती. त्यांनी विचारले, “ताकीद एवढी बारीक कुणी करायला लावली?” मी छबूकडे पाहिले आणि म्हणालो, शेठनी. माझ्याकडे लाल पट्ट्याचा नमुना होता, तो त्यांनीच काढायला लावला. ते लिहून घेतले गेले, मी खाली सही केली. सहीसुद्धा सुरेख केली.

तेव्हापासून श्रीमंतराव कोर्टाच्या पायऱ्या चढतात. चिठ्ठी लिहून दिली होती असे ते सांगतात, पण चिठ्ठी त्यांच्याजवळ नाही. ती माझ्याजवळ आहे. गेल्या भाऊबीजेला छबू आली, बिनकुंकवाच्या कपाळाने मला ओवाळले आणि म्हणाली, “तुझा काय दोस रं दादा? सावकार म्हनंल तसं करावं लागतं.” मी तिच्या ताटात ओवाळणी टाकली.

कलम ५. सदर चिठ्ठी दुकानातील टर्पेंटाइनच्या फळीमागे, पत्र्याच्या डबीत आहे. माझ्या मृत्यूनंतर ती श्रीमंतराव टेकावडे यांच्या हाती द्यावी व कलम चारची नक्कल कोर्टात दाखल करावी. त्यांनी नमुना पास केला, एवढा दोष त्यांचा. पट्टा काढला तो मी, आणि खोटे बोललो तो मी. ‘सोनकणीस’च्या चौकटी कारभारीने दुकानासमोर जाळाव्यात, कोणी कितीही पैसे दिले तरी विकू नयेत.

कलम ६. पोस्टातील बचतीचे पुस्तक भीमाच्या औषधपाण्यासाठी. गावाकडची माझ्या वाट्याची जमीन बहीण छबूबाई पुंजाराम खेडकर हिला.

पुरवणी. वरील मजकूर काल, सोमवारी पुरा झाला. आज साक्षीला सूर्यभान आणि शेजारचे छगन शिंपी यांना बोलावले. सूर्यभानने कागद दोनदा वाचला. म्हणाला, “हे तुझ्या माघारी उघडायचं? गुरुवारी शेठची तारीख हाय. तू जगलास अजून वर्षभर, तर तो मानूस आत बसंल.” मी म्हणालो, माझी छाती बघ, मी वर्षभर कसला जगतो. तो म्हणाला, “खोटं बोलायला छाती हुती की.”

भीमाच्या औषधासाठी छबू कालपासून घरीच आहे. ती आतल्या दारात उभी होती. तिने विचारले, “काय वाचताय? मला बी वाचून दावा.” सूर्यभानने कागद माझ्यापुढे धरला. मी कागद घेतला आणि कलम चार मोठ्याने वाचले. मध्ये दोनदा थांबलो. ती म्हणाली, “वाच.” संपल्यावर म्हणाली, “पट्टा काढला तितनं परत वाच.” मी परत वाचले.

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, “गुरुवारी कोर्टात जायाचं. तू सोता जायाचं.”

मी म्हणालो, “छबू, कागदात सगळं लिहिलंय.”

“मेल्यावर खरं बोलाया काय लागतं? मेलेल्याला कुनी तोंडावर थुकत न्हाई. चालवत नसंल तर कारभारी टांगा करंल. जमीन भीमाच्या नावानं कर, माझ्या नावानं तुझं काय बी नगं.”

मी विचारले, तू मला माफ करशील का. असे विचारू नये, पण विचारले. त्यावर ती जे म्हणाली ते जसेच्या तसे लिहितो, कारण त्यातला एकही शब्द मला बदलायचा नाही.

“तू तुझं कागदावर उतरवून मोकळा झालास, दादा. त्यांनी नगं म्हनलं हुतं, आन मी त्यांच्या ताटात भाकर वाढली. ह्ये मी कुनाच्या नावानं करू?”

मी तिला म्हणालो, ते माझ्याच नावाने राहू दे. ती उठून भीमाला जेवू घालायला आत गेली. तिने हो म्हटले नाही.

सबब कलम सहामधील जमीन रद्द करून भीमाच्या नावे करीत आहे. लाभ घेणाऱ्याने साक्ष करू नये असे म्हणतात, म्हणून ब्रश सूर्यभानला आत्ताच देऊन टाकले, कलम दोनमधून ते वजा समजावेत. कलम पाच माझ्या मृत्यूपर्यंत थांबणार नाही. डबी आणली आहे, ती समोर आहे. परवा, गुरुवारी अकरा वाजता, मी ती घेऊन कोर्टात उभा राहणार आहे. त्याबद्दल जी शिक्षा होईल ती भोगायला जितके दिवस उरले असतील तितके माझे.

सही : कानिफनाथ सहादेव डमाळे

साक्षीदार :
१. सूर्यभान रखमाजी बोरुडे, धंदा पेंटर, माळीवाडा
२. छगन बाबूराव गोंदकर, धंदा शिलाई, तोफखाना

मुक्काम अहमदनगर, मंगळवार, तारीख १८ डिसेंबर १९७३

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी ऐकला :
छबूबाई पुंजाराम खेडकर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा