आतड्याची भिंत, पाच मिलीमीटर

१३ जुलै, रविवार. जळगाव
मीच मला बजावते: दिवालीबाई, गोळी गिळली की नाही हे तुला पाणी पिऊन होईपर्यंतही आठवत नाही, म्हणून आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, बोलणं भरपूर येतं. मी बोलते, सून मेघा लिहिते. मी म्हटलं की खोडते. शीतल डॉक्टरणीने फक्त खाल्लेलं लिहायला सांगितलंय. एवढी जाड वही नुसत्या वरणभातावर घालवायची?

आतड्याला सूज आहे म्हणतात. मला काहीएक झालेलं नाही. तीन आठवडे लेकाच्या, ललितच्या, चौथ्या मजल्यावर कोंडून ठेवलंय. तीन ऑगस्टला गावी सोनगीरला आमची कानबाई, श्रावणातली देवी. चाळीस वर्षं माझ्याच हाताने बसते. संकल्प: त्याआधी घरी.

१५ जुलै, मंगळवार
सोनोग्राफी. पोटावर गारेगार चिकट काहीतरी. डॉक्टरीण म्हणे, आतड्याची भिंत पाच मिलीमीटर झालीय, तीनच्या आत हवी. लाल-निळे ठिपके दाखवले. तिथे रक्त जास्त धावतं म्हणे. मी म्हटलं, आमच्या घराची भिंत दीड हात जाड, तिला कोणी आजारी म्हणत नाही. हसली. पण सोडलं नाही.
दुपारी बाल्कनीत ठेचा-भाकर. मेघा, हे खोड. खोडलं. रेघ माझ्या डोळ्यांनी बघितली.

१८ जुलै, शुक्रवार. धुळे
हट्टाने धुळ्याला दुसरी सोनोग्राफी. तिथला डॉक्टर म्हणे, पोटात गॅस फार, नीट दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच! ललित म्हणे, आई, दिसत नाही आणि नाही, यात फरक आहे. पोराला शिकवलं तेच चुकलं.
इथून सोनगीर हाकेवर. ललितने गाडी जळगावकडेच वळवली.

२० जुलै, रविवार
गोळ्या बंद. बऱ्या माणसाला गोळ्या कशाला? संडासला सात वेळा. पावसाळी हवा. मेघा, खोड.

२२ जुलै, मंगळवार
शीतल डॉक्टरणीला सुनावलं. एक मशीन पाच सांगतं, दुसरं आंधळं, भरवसा कसा ठेवायचा? ती चिडेल वाटलं. ती म्हणे, बरोबर विचारलंत आजी, गॅसने दिसत नाही, हातही सरावाचा लागतो. शंका असेल तर दुर्बीण घालून बघू. मी म्हटलं, घाला! सूज नसली तर मी कानबाईला घरी. असली तर तुम्ही म्हणाल तितके दिवस इथे. मेघाने चिमटा काढला. जळते.
जाऊ भागाबाईचा फोन. म्हणे, "ये व माय, कानबाई तुनी वाट दखी राह्यनी." सांगितलं, आलेच समज. नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडून ठेव, घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ.

२६ जुलै, शनिवार
दुर्बीण झाली. आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाबद्दल काही लिहायचं नाही. डॉक्टरणीने टीव्हीवर आतडं दाखवलं. लालभडक, बारीक बारीक जखमा. जिथे ठिपके होते, नेमकं तिथेच.
मग तिने वही मागितली. वाचून म्हणे, आजी, गोळ्या बंद? आणि ठेचा? मी म्हटलं, ते खोडलंय! तर तिने रेघेखालचं घडाघडा वाचून दाखवलं. मला वाटायचं, खोडलं म्हणजे पुसलं. मेघा छताकडे बघत होती.
गोळ्या वाढल्या. आणखी दोन महिने जळगाव. मग पुन्हा सोनोग्राफी.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई भागाबाईच्या हाताने बसली. ललितने फोनवर दाखवली. नथ वाकडी. मी ओरडले, भागाबाई म्हणे, सरळच शे. फोनमधून हात काही घालता येईना. काचेवरून नुसतं बोट फिरवलं.
गोळी घेतली. मेघाला विचारून खात्री केली.
भागाबाईला निरोप, मेघा, आणि हा खोडू नको: माझ्या वाटणीचा रोट पाठव, दुधात भिजवून खाईन. ठेचा पाठवू नको. मी मागितला तरी.