हितसंबंध असलेल्या सदस्याने बाहेर बसावे

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे कागदापुरतं, कंबरेने गेल्या महिन्यापासून त्यातली निम्मी अंगं वगळली आहेत.) तुमचं पत्र पोचलं. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. तुमचा रक्तदाब ताळ्यावर आहे हे वाचून मात्र नवल वाटलं, कारण तुम्ही अजून त्या दवाखान्याच्या देखरेख समितीवर आहात. समितीवर बसून ज्याचा रक्तदाब ताळ्यावर राहतो तो माणूस एक तर संत असतो किंवा बैठकीत झोपतो. आम्ही उभयता ठीक. ही सध्या थोडी कमी बोलते, पण प्रकृतीचं काही नाही, कारण पुढे येईलच. हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पत्र जाड दिसलं की तुम्ही शेवटचं पान आधी उघडता, ही तुमची खोड मला ठाऊक आहे. तेव्हा कृपा करून क्रमाने वाचा.

तर मी नगरपालिकेच्या बाग समितीवर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही पाच जण. मानधन शून्य. बैठकीला एक कप चहा आणि दोन बिस्किटं मिळतात, त्यातलं एक बहुतेक वेळा तुटलेलं असतं. अध्यक्ष म्हणजे चौकातल्या औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला निवृत्त मुख्याध्यापिकाबाई बसतात, त्या अजूनही बोलणाऱ्याला आधी उभं करतात. बाकीचे दोघे जिकडे हात वर होतील तिकडे हात वर करणारे, त्यामुळे त्यांची वेगळी ओळख करून देत नाही. पाचवा मी. एकतीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली असल्यामुळे मोजमापाचं खातं आपोआप माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मीच मान पुढे केली होती.

या वर्षी बागांमध्ये नवी बाकं बसवायची ठरली. एका लहानशा सुतारकामाच्या कारखान्याने सर्वांत वाजवी दर दिला आणि नमुन्याचं एक बाक आणून समितीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात ठेवलं. ते मी टेप लावून तपासलं. बसायच्या पट्ट्यांमधली फट दोन मिलिमीटरने जास्त निघाली. परत पाठवलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा फट बरोबर होती, पण पाठीचा कल चुकला होता. परत पाठवलं. तिसऱ्यांदा सगळी मापं चोख होती, पण हात ठेवला तर बाक डुगडुगत होतं. ‘चारही पाय समपातळीत नाहीत’ असा शेरा मारून मी सही ठोकली. (लाल शाईत. लाल शाई मला निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.) अध्यक्ष म्हणाले, अहो, त्यावर माणसं बसणार आहेत, सोनं तोलायचं नाहीये. मी त्यांना म्हटलं, आज बाकाचा पाय सोडला तर उद्या झोपाळ्याची साखळी सोडाल. यावर त्यांनी पुढचा विषय काढला. मला वाटलं, मुद्दा पटला.

याच सुमारास मी तो ठराव मांडला. समितीवर पगार न घेता काम करणाऱ्या सदस्यांनीसुद्धा आपले आणि आपल्या घरच्यांचे आर्थिक हितसंबंध लेखी जाहीर करावेत, असा. तुमच्यापाशी लपवत नाही, माझा डोळा अध्यक्षांवर होता. बागांसाठी रोपं येतात ती त्यांच्या साडूच्या रोपवाटिकेतून येतात, असा मला दाट संशय होता. ठराव ऐकून मुख्याध्यापिकाबाई भडकल्याच. एक तर फुकट राबायचं आणि वर घरातल्या कपाटाची किल्लीही द्यायची, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. असं केलंत तर उद्या समितीवर यायला कुत्रंही तयार होणार नाही, असंही त्या म्हणाल्या. मी शांतपणे उत्तर दिलं. सदस्य पगार घेत नाही म्हणून त्याचं मत फुकट होत नाही. त्याने हात वर केला की कुणाला तरी काम मिळतं आणि कुणाचं तरी जातं. तो कुणी आपलाच आहे का, हे लोकांना कळायला नको का? दादा, हे भाषण माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण झालं. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही, पुढे जे झालं ते झालं तरीही. ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला आणि नियम लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. ज्याचा हितसंबंध आहे त्याने तो विषय निघताच खोलीबाहेर जावं, दार लोटून घ्यावं, निर्णय होईपर्यंत आत येऊ नये आणि आत निरोपही पाठवू नये, असं मी लिहिलं. शेवटचं कलम अध्यक्षांना जास्तीचं वाटत होतं. मी अडून बसलो. (निरोप पाठवणारी माणसं मी नोकरीत फार पाहिली आहेत.)

रविवारी सकाळी चष्मा, पेन आणि हितसंबंध जाहीर करायचा छापील नमुना घेऊन टेबलाशी बसलो. माझा रकाना दोन ओळींत भरला, कारण माझ्याकडे जे आहे ते बँकेला माझ्याहून जास्त पाठ आहे. मग पत्नीचा रकाना आला. ही भाजी निवडत होती. मी आपला सहज विचारलं, तुझं काही आहे का गं, की ‘निरंक’ लिहू? हिने हातातली शेंग न ठेवता सांगितलं, सुतारकामाच्या कारखान्यात निम्मी भागीदारी, लिहा. मी विचारलं, कुठल्या कारखान्यात? तर तोच. बाकांचाच! हिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा तो कारखाना. मैत्रिणीचा नवरा गेला, कारखाना बंद पडायची वेळ आली, तेव्हा हिने नोकरी सुटताना मिळालेले पैसे त्यात घातले. तिथे तीन कारागीर आहेत आणि मैत्रीण स्वतः रंधा मारते. बाकांचं काम मिळालं नाही तर महिन्याअखेर कुलूप लागेल, हेही मला त्याच बैठकीत कळलं. दीड वर्ष बायको एका कारखान्याची भागीदार आहे आणि नवऱ्याला पत्ता नाही! मी फक्त एवढंच म्हणालो, मला याची काहीच कल्पना नव्हती. त्यावर हिने माझ्याकडे बघितलं, भाजी उचलली आणि आत निघून गेली. लपवल्याची लाज वाटली असणार. मी मोठ्या मनाने विषय वाढवला नाही. तेव्हापासून ही कमी बोलते.

बैठकीत एकेकाचा नमुना वाचण्यात आला. अध्यक्षांचा निरंक. त्यांच्या साडूने रोपवाटिका कधीच मोडली असून तो आता चष्मे विकतो, आणि माझ्या नाकावर आहे तो चष्मा त्याच्याच दुकानातला निघाला. मुख्याध्यापिकाबाईंचा निरंक. उरलेल्या दोघांचा निरंक. मग मी उभा राहिलो आणि माझा वाचला. अध्यक्षांनी मन मोठं केलं, हसले नाहीत. म्हणाले, तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही हो, बायकोचं बाक तीनदा नापास करणारा माणूस आम्ही दुसरा पाहिलेला नाही. मग मात्र सगळेच हसले. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं, बाकांचा विषय पहिलाच होता. मी बाहेर गेलो आणि दार लोटून घेतलं.

व्हरांड्यात बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या नमुन्याच्या बाकावरच टेकलो. तीनदा मोजलं होतं, पण बसलो पहिल्यांदाच. आणि काय सांगू, अशी पाठ टेकली म्हणता! माझ्या या कंबरेला इतक्या दिवसांत कुठे आराम पडला असेल तर तो तिथे. फक्त ते डुगडुगत होतं. सवयीने उठलो आणि बाक दोन फरशा पलीकडे सरकवलं. डुगडुगणं बंद. पुन्हा जागेवर आणलं, पुन्हा सुरू. दादा, बाकात काही खोट नव्हती, व्हरांड्याची फरशी खचली होती! तराजू तपासण्याआधी तो ठेवलेली जागा सपाट आहे का ते बघावं, हा आमच्या खात्यातला पहिल्या दिवशीचा धडा. एकतीस वर्षं मी तो नव्या निरीक्षकांना शिकवला. आणि आत माझाच लाल शेरा वाचून दाखवत असल्याचं मला दाराबाहेर स्वच्छ ऐकू येत होतं. दोनदा कडीला हात घातला. पण आत जायचं नाही आणि निरोपही पाठवायचा नाही, हे कुणी लिहिलं होतं? शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत निघाला, त्यालाही मी काही बोललो नाही, नुसता वाट सोडून उभा राहिलो. ती वीस मिनिटं मला फार जड गेली. वाईट वाटलं, लाजही वाटली.

दार उघडलं तेव्हा निर्णय झाला होता. एक तर बाकाचे पाय समपातळीत नाहीत, आणि सदस्याच्या घरचाच कारखाना म्हटल्यावर लोक काय म्हणतील, म्हणून नवे दर मागवायचे. मी फरशीचं सांगितलं. अध्यक्षांना पटलं, ते स्वतः बाहेर येऊन बाक हलवून गेले. पण म्हणाले, आता ठराव लिहून झाला, आणि या विषयात तुमचं ऐकणं तर तुमच्याच नियमात बसत नाही. राजीनामा देतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, खाली बसा, पुढचा विषय पाण्याच्या नळांचा आहे, त्यात तुमचं कुणी नाही ना?

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ‘बरं’ एवढंच म्हणाली. आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. काळजी घ्या, वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा

ता.क. तुमच्या दवाखान्यात रोगी तासन् तास उभे असतात, बसायला सोय नाही, असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. सहज आठवलं. वीसेक बाकं लागतील का? महिन्याअखेरच्या आत ठरलं तर उत्तम.

ता.क. २. वरील ता.क. लिहिणाऱ्याचा या व्यवहारात पत्नीमार्फत हितसंबंध आहे, असं मी याद्वारे जाहीर करतो. हे पत्र समितीसमोर ठेवायलाही माझी हरकत नाही. (पहिल्या परिच्छेदातलं ‘काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही’ हे वाक्य तेवढं खोडून ठेवा.)

ता.क. ३. भाऊजी, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, उघडंच होतं, म्हणून वाचलं. पैसे दिले त्याच दिवशी मी यांना सांगितलं होतं. हे पेपर वाचत होते. ‘चांगलं केलंस’ म्हणाले आणि पान उलटलं. बाक तीनदा परत आलं तेव्हा मला वाटलं, घरचा कारखाना म्हणून मुद्दाम जास्त कडक वागताहेत. मैत्रिणीसमोर मान खाली जायची, राग यायचा, पण मनातून अभिमानही वाटायचा की असा माणूस आहे आपला. रविवारी कळलं, यांनी ऐकलंच नव्हतं. राग गेला असता हो, पण आता तो अभिमान कुठे ठेवू ते कळत नाही. बाकं चांगली आहेत, पण भावाच्या भिडेखातर घेऊ नका. समितीला काय ते ठरवू द्या, आणि तुम्हीही तेवढा वेळ बाहेर बसा. यांना यातलं काही कळवू नका. मीच सांगेन, हातातला पेपर काढून घेऊन.