काळं ऱ्हाईल

आये, आज सकाळी शेकोटीपाशी हात धरले आणि तुझं उजवं बोट आठवलं. कोकरू जन्मलं की त्याच्या तोंडात घालून बघायचीस ते. तोंड ऊन लागलं, बोट ओढून चोखलं, की म्हणायचीस, "ऱ्हाईल." गार लागलं तर बोट पदराला पुसून दुसऱ्या कोकराकडं वळायचीस.

भोरला संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. फायनल पास होऊन, मास्तरकीच्या हुकमाची वाट बघत, मी कविता म्हणत वरव्याच्या माळावर हिंडत होतो. ऐन थंडीत आपली म्हातारी मेंढी जुळी व्याली, आणि एकाच सडाला चीक. तू दोन्ही कोकरांच्या तोंडात बोट घातलंस. पलीकडं दुसरी मेंढी अडली होती, तिकडं पळता पळता ओरडलीस, "काळं ऱ्हाईल. बघ तू!" आता मी उभा आहे, हातात दोन ओली कोकरं. काळं राहील, म्हणजे जगेल, त्याला पाज? की ते दम धरील, आधी दुसऱ्याला पाज? की त्याला राहूच दे म्हणतेस? शाळेत श्लेष शिकलो होतो, एका शब्दाचे दोन अर्थ. इथं तर तीन निघाले. कपाळावर पांढरा टिळा असलेलं, मान टाकलेलं कोकरू मी सडाला धरलं. काळं वाऱ्यात उघडं राहिलं. तू परतलीस तोवर त्याचं तोंड गार झालं होतं.

"पुस्तकानं कान खाल्लं व्हय रं तुझं, मास्तर? चांगलं धडधाकट व्हतं की!" एवढंच म्हणालीस. मग घोंगडीच्या टोकानं त्याला पुसत बसलीस, जणू ते अजून ओलंच आहे. टिळ्याचं मात्र जगलं. त्याची मेंढी झाली, चारदा व्याली. मग माझं चुकलं ते नेमकं किती, हे मला अजून उमगत नाही.

तू जाताना माझा हात धरून म्हणालीस, "तू ऱ्हाशील." आता माझ्या पाठचा धाकटा गेला, घरची गेली, बरोबरीचं कुणी नाही. जगशील म्हणालीस, की मागं उरशील? रोज शब्द उलटसुलट करून बघतो.

हे पत्र वहीतच ठेवतो. धाडायची सोय असती तरी धाडलं नसतं, कारण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुझं बोलणं मला लगेच कळलं होतं, आये. टिळा फार देखणा होता. श्लेष मला नंतर सुचला.