बटणाला हात लावणार नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

बोटीच्या नाकाला भोक पाडलं! माझ्या बोटीच्या! पाण्याबाहेर काढून, या कुशीतून त्या कुशीत, आरपार. त्यात एक मोटर आणि पंखे. धाकटी म्हणते, याला थ्रस्टर म्हणतात. डावं बटण दाबलं की नाक डावीकडे सरकतं, उजवं दाबलं की उजवीकडे. जेट्टीला लागताना वाऱ्याने नाक बाहेर नेलं तर टिचकी मारल्यासारखं बटण दाबायचं, बस्स. "बाबा, अगदी पोरखेळ आहे!"

पोरखेळच तो. पोरांनी खेळावा. मी अख्खा जन्म माणसं भरून ही बोट या काठाहून त्या काठाला लावली, ती काय बटणं दाबून? पोरगी मोटरींचं शिकून आली, चांगलं झालं. पण बापाच्या बोटीवर कशाला प्रयोग?

हे सगळं बंदराच्या साहेबामुळे. गेल्या महिन्यात एकदा — एकदाच! — बोट जेट्टीवर आपटली. एक फळी मोडली. शाळेच्या बाई डब्यासकट खाली बसल्या. वारा आडवा होता, त्याला मी काय करू? तर साहेब म्हणतो, "काका, पुन्हा असं झालं तर सुकाणू तुमच्या हातात ठेवता येणार नाही." मला! हाच साहेब शेंबूड पुसत माझ्या बोटीतून शाळेला जायचा.

सुकाणू गेलं तर सकाळी उठून मी जायचं कुठे?

५ नोव्हेंबर, बुधवार

बटणं सुकाणूच्या शेजारीच बसवलीत. मी त्यांच्यावर माझी टोपी ठेवली. टोपीला जागा झाली एकदाची.

बायको म्हणाली, "अहो, पोरीने हौसेने केलंय. एकदा दाबून तर बघा." मी स्पष्ट सांगितलं — बटणाला हात लावणार नाही. ज्या दिवशी लावीन त्या दिवशी बोटीवरून उतरेन. त्यावर ही काहीतरी पुटपुटली. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. रेडिओवालेसुद्धा! आवाज पूर्ण मोठा केला तरी तेच.

धाकटी? नुसती टोपीकडे बघत राहिली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सोन्याचा दिवस!

सकाळपासून वारा. आडवा, अगदी त्या दिवशीसारखा. खोटं कशाला लिहू, फेरी रद्द करावी असं दोनदा मनात आलं. जेट्टीवर साहेब उभा, हात मागे बांधून. सुट्टीचा दिवस आणि हा हजर! इंजिन मंद केलं, तिरका आलो. जेट्टी हातावर आली आणि वाऱ्याने नाक बाहेर ढकललं. संपलं, म्हटलं. सुकाणू पार वळवलं, इंजिन जरासं मागे टाकलं — आणि नाक गुमान आत आलं! बाजूचे टायर जेट्टीला टेकले, तेही असे, झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तसे. माझी टोपी जागची हलली नव्हती.

याला म्हणतात हात! जुनं ते सोनं, उगीच नाही म्हणत.

साहेबाने मान डोलावली. बाजाराला निघालेल्या शाळेच्या बाईंनी तर टाळ्या वाजवल्या. सगळी बोट हसत होती. मीही हसलो. छाती एवढी फुगली की शर्टाची बटणं तुटायची वेळ आली.

एक गोष्ट मात्र खटकली. धाकटी पुढे दोर घेऊन उभी, आणि एक हात रेनकोटच्या खिशात. दोर दोन्ही हातांनी टाकावा हे तिला लहानपणापासून सांगतोय! "थंडी वाजते, बाबा," म्हणाली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजही तसंच. प्रत्येक फेरीला. हाताला जुना सूर सापडलाय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

धाकटी रोज संध्याकाळी त्या थ्रस्टरची बॅटरी चार्ज करत बसते. मी म्हटलं, अगं, वापरलंय कुणी? न जेवलेल्याला ढेकराचं औषध कशाला? तर म्हणते, असू दे, बाबा, सवय बरी.

टपालवाला उतरताना जोरात म्हणाला, "काका, मशीन झकास आहे हं!" मी पंजा त्याच्या नाकासमोर धरला — हे बघ मशीन! तो हसून हसून खोकला. धाकटीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पठ्ठ्या मुकाट्याने चालता झाला. बापाची चेष्टा सहन होत नाही पोरीला. गुणाची आहे. आडमुठी आहे, पण गुणाची. तिला एकदा तोंडावर सांगायला हवं.

सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परवान्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. डोळे उत्तम. दम उत्तम. मग डॉक्टर माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. म्हणजे, मला तसं वाटलं. ते बोलत होते!

कानात यंत्र घालावं लागणार. सुकाणू काय कानाने धरतात? पण यंत्राशिवाय परवान्यावर सही नाही. बायको म्हणाली, "अहो, मी किती वर्षं ओरडतेय!" ओरडत होतीस होय? मला वाटलं, पुटपुटतेस.

गंमत म्हणजे धाकटीचाच चेहरा उतरला. "लगेच घालायलाच हवं का?" असं डॉक्टरांना दोनदा विचारलं. मी तिच्या पाठीवर थोपटलं. म्हटलं, घाबरू नकोस, बाप म्हातारा झालेला नाही. बोट कोण लावतंय ते बघतेस ना रोज?

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

यंत्र घातलं. काय हा गोंगाट! पाणी बोटीला चापट्या मारतं, दोर करकरतो, शाळेच्या बाई स्वतःशी गाणं म्हणतात. हे सगळं कधीपासून बंद होतं?

जेट्टी जवळ आली. वाऱ्याने नाक बाहेर नेलं. मी सुकाणू वळवलं — आणि पुढून आवाज आला. घुर्र. थांबला. पुन्हा, छोटासा, घुर्र. नाक आत आलं, टायर टेकले. माझी टोपी बटणांवर जशीच्या तशी.

बोटीत कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना माहीत होतं! मी धाकटीला म्हटलं, खिशातली मूठ उघड. तिने हात खिशातून काढला. छोटा रिमोट, त्यावर दोन बटणं. डोळ्यांत पाणी. "बाबा, तुमचं सुकाणू जाऊ नये म्हणून..."

दोनच टिचक्या. मी दाबलं असतं तर तिथेच दाबलं असतं. इतके दिवस वाऱ्यातून बोट लावली आणि सुकाणू धरलेल्या माणसाला पत्ता लागू दिला नाही! असा हात मी उभ्या जन्मात पाहिला नाही. तिला तसं सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

मग टोपी उचलून डोक्यावर घातली. म्हटलं, ये, धर सुकाणू. दोर मी टाकतो. दोन्ही हातांनी.