डाव्या हाताची मूठ

ओमप्रकाश, लेका, तुझा गुडघा कसा आहे? तिसऱ्या मजल्याच्या आधी तू एक पायरी थांबतोस, ते मला आतून ऐकू येतं. सूनबाई शुभदा, शाळेत बोलून बोलून तुझा घसा बसला होता; सुंठ चघळलीस का? माझी नात राजेश्री, होस्टेलचं पाणी आता मानवलं का? समोरच्या घरातले सिद्धोधनराव, तुमची साखर मागच्या तपासणीत कितीवर आली? आणि त्यांच्याकडं भांडी घासणारी मनकर्णा, तुझी कंबर? माझं म्हणाल तर हात थोडा कापतो, भूक चांगली आहे.

एका घरात राहून कागदावर तब्येत विचारते म्हणून हसू नका. सकाळी साडेआठला तुम्हाला घाई, संध्याकाळी तुम्ही दमलेले. मधल्या वेळात मी आहे आणि जाळीचं दार आहे.

मी, सरजाबाई भ्रतार तात्याराव पोपळघट, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुरीच्या मुठी करणे, मूळ राहणार चारठाणा, तालुका जिंतूर, सध्या मुक्काम परभणी, मुलाच्या घरी, असं लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी कुणाच्या सांगण्यावरून किंवा धाकानं लिहिलेलं नाही आणि मी पूर्ण शुद्धीवर आहे.

सिद्धोधनराव तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झाले. ते म्हणाले, शुद्धीचं वाक्य लिहावंच लागतं. ते लिहिताना माझा हात थांबला, कारण आपल्या घरात सगळं अडलंय ते त्याच वाक्यावर. म्हणून आधी तेवढं फेडते.

मार्च महिन्यात मी कुणाला न सांगता घरातून निघाले. मला चारठाण्याला जायचं होतं. स्टँडवर जिंतूरच्या गाडीऐवजी पोखर्णीच्या गाडीत बसले. गाडी उलट्या दिशेला चालली हे मला पोखर्णी आल्यावर कळलं. नरसिंहाच्या देवळापाशी उतरले आणि दिवस मावळेपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसले. फुलं विकणाऱ्या बाईनं विचारलं, लेकाचा नंबर सांगा, तर मला येईना. नंबर हल्ली कुणालाच पाठ नसतो, हे मी नंतर शंभर वेळा म्हणाले. पण खरं लिहायचं कागदावर खरंच लिहिते. त्या बाकड्यावर तासभर मला आपलं घर कोणत्या गल्लीत आहे हेही आठवलं नाही. शेवटी पिशवीत राजेश्रीनं नंबर लिहून ठेवलेली चिठ्ठी त्या बाईला सापडली.

ओमप्रकाश न्यायला आला. रागावला नाही. माझ्या चपलेचा सुटलेला पट्टा त्यानं खाली बसून लावला. परत येताना गाडीवर मी मागं बसले होते आणि त्याची पाठ सारखी हलत होती. वाऱ्यानं नव्हे.

दुसऱ्या दिवशी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं. शुभदा म्हणाली, "आई, तुमच्याच भल्यासाठी आहे. तुम्हाला काही झालं तर मी लोकांना काय तोंड दाखवू?" त्याच आठवड्यात माझा हात कापतो म्हणून सुऱ्या कपाटात गेल्या आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये. तेव्हापासून आठ महिने झाले. दारातून ऊन जाळीसारखं फरशीवर पडतं, जेवणाच्या वेळेला माझ्या पायावर येतं आणि चहाच्या वेळेला भिंतीवर चढून जातं. खाली सायकलवरचा धारवाला येतो. त्याचा दगड कोरडा चालतो, पाणी लावत नाही, पातं जाळतो. हे मला वरून कळतं आणि त्याला सांगता येत नाही. आता कलमं.

कलम एक, जागा. चारठाण्याची दोन खोल्यांची जागा माझ्या नावावर आहे. ती माझ्यामागं ओमप्रकाशची. अट कसलीच नाही. हा कागद वाचून तू कुलूप काढलं नाहीस तरी जागा तुझीच. अट घालून घेतलेली माया उसन्या पिठासारखी असते, भाकरी थापता थापता शेजारीण परत मागायला दारात. तू जागेचं भुजंगशी बोलायलास, हे मी फोनवर ऐकलं. माझ्यामागं खुशाल वीक. माझ्या देखत विकू नको.

कलम दोन. पुतण्या भुजंग याला ऐरण. तात्याराव गेले तेव्हा तेराव्याच्या पंगतीत हा म्हणाला होता, "चुलते होते तवर ठीक व्हतं. बाईनं बसवलेली मूठ कवा सुटल ह्याचा नेम न्हाई." त्यानंतर एकोणीस वर्षं मी मुठी बसवल्या, एक सुटून परत आली असेल तर त्यानं दाखवावी. तो स्वतः आता प्लास्टिकच्या मुठी आणून लावतो आणि त्या उन्हाळ्यात तडकतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मनात अढी ठेवून मला वर जायचं नाही. ऐरण त्याचीच आहे, त्याच्या आजानं आणलेली. मात्र टेम्पो लावायचा नाही. ओसरीतून रस्त्यापर्यंत त्यानं ती स्वतःच्या खांद्यावर न्यावी, आणि शेजारच्या गोजरबाईच्या दारावरून न्यावी. ती बघेल.

कलम तीन. पोस्टातलं पुस्तक आणि कानातली फुलं राजेश्रीला. तिनं चिठ्ठी लिहून पिशवीत टाकली नसती तर मी अजून पोखर्णीलाच असते.

कलम चार, हत्यारं. तासायला वाकस, दोन पटाश्या, भोकाला गिरमिट, कानशी आणि काचेच्या तुकड्यांचा डबा, सगळं चारठाण्याला. काच कुणी कचरा म्हणून फेकू नये. कानस मारल्यावर मूठ काचेच्या धारेनं खरवडली की जी गुळगुळीत होते ती पॉलिशच्या कागदानं होत नाही. तिथंच माळ्यावर बाभळीचे तुकडे आहेत, मी इथं आले तेव्हाच दोन उन्हाळे वाळलेले, आतल्या लाल गाभ्याचे. शिशीत करडईचं तेल आहे, उन्हात ठेवून दाट केलेलं. तीन दिवस रोज एक हात चोळायचं आणि सावलीत वाळवायचं, म्हणजे ओल्या हातातही मूठ सरकत नाही. हे सगळं कुणाला द्यायचं ते मी आज लिहीत नाही. मला ते अजून लागणार आहे.

कलम पाच, मातीच्या मुठी. हे नीट समजावं म्हणून जरा मागून सांगते.

आधी आमच्याकडं विळे, खुरपी आणि विळ्या होत्या. मग घराघरात ओटे आले, बाया उभ्यानं चिरू लागल्या आणि सुऱ्या मागू लागल्या. पातं तात्याराव करायचे. मूठ माझ्याकडं आली, कारण त्यांच्या मुठी त्यांच्याच हाताच्या मापाच्या व्हायच्या आणि बायांच्या हातात फिरायच्या. मी एक रीत काढली. ओढ्याचा गाळ चाळून त्यात राख मळायची, त्याचा लांबट गोळा बाईच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, भाजी चिरताना धरतेस तसा दाब. गोळ्यावर बोटं उमटली की सावलीत वाळवायचा. मग त्याच्याकडं बघून बाभूळ कोरायची. शेवटी मुठीत भोक पाडून लाख आणि विटेची भुकटी भरायची, पात्याची मागची शेपटी लाल करून आत घालायची. लाख वितळून धरते ती पुन्हा तापवल्याशिवाय सोडत नाही.

एकदा गोजरबाईची मूठ दुसरीच्या सुरीला बसली. गोजरबाईनं महिनाभर गावात सांगितलं की सरजीला माझा हात आणि रेड्याचा खूर सारखाच दिसतो. तेव्हा मी अक्षरं शिकले, ओमप्रकाशच्या पहिलीच्या पुस्तकातून, मातीवर नावं लिहायला. पहिलं अक्षर शिकले ते 'गो'. फळीवर सत्तेचाळीस मुठी आहेत. बाई गेली की तिची मूठ मी ओढ्यात सोडत आले. माझ्यामागं ज्या राहतील त्या ओमप्रकाशनं ज्याच्या त्याच्या घरी पोचवाव्यात. पण फळीवरची शेवटची एक पोचवायची नाही, फोडायची. ती शुभदाची आहे, आणि खोटी आहे.

शुभदा, हे तुझ्यासाठी वेगळं लिहिते. लग्नानंतर चौथ्या दिवशी ओसरीत सगळ्या बाया बसल्या होत्या आणि मी तुझ्यापुढं गोळा केला. तू डावा हात पुढं केलास. गोजरबाई म्हणाली, "अगं बाई, सरजे, सून डावरी हाय की. देवाचा निवद कोणत्या हातानं करणार?" बाया हसल्या. तू माझ्याकडं पाहिलंस, एकदाच. मी काही म्हणायला पाहिजे होतं. मी पण हसले. मग तू हात बदललास आणि उजव्या हातानं गोळा दाबलास.

मला तेव्हाच दिसलं होतं. उजव्या हाताची पकड चोराची असते तशी होती, बोटं वरवर टेकलेली. तरी मी उजव्या हाताची मूठ कोरली, अंगठ्याला एका बाजूनं सपाट, आणि सगळ्यांत चांगली बाभूळ लावली, म्हणजे मनाला टोचू नये. बावीस वर्षं झाली. तुम्ही परभणीला होतात, सणावाराला येणं, मला कळलं नाही किंवा मी कळून घेतलं नाही. तीन वर्षांखाली मी इथं राहायला आले आणि तुला चिरताना बघितलं. तीच सुरी, डाव्या हातात. सपाट बाजूची कड जिथं रुतते तिथं, अंगठ्याच्या मुळाशी, घट्टा पडलाय. बाजारात दुसरी सुरी मिळत होती. तू घेतली नाहीस. का, ते तू कधी बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्याच्या मापात हात कोंबून कसं राहावं लागतं ते मला या आठ महिन्यांत समजलं. हे टोमणा म्हणून लिहीत नाही, पोरी. तू कुलूप लावतेस ते भीतीनं, हे मला ठाऊक आहे. संध्याकाळी कुलूप काढायच्या आधी तू जाळीतून आत डोकावतेस, मी बसलेली दिसले की श्वास सोडतेस, तोही मला ऐकू येतो. मी पण हसले होते ती भीतीनंच, बायांच्या. भीतीनं केलेलं काम वाईट मनाचं नसतं, पण माप चुकतं.

ती मूठ मला बदलायची आहे. पातं चांगलं आहे, तात्यारावांच्या हातचं, शेवटच्या डझनातलं. तापवलं की लाख सुटेल आणि पातं अख्खं निघेल. पण सुरी कपाटात, हत्यारं चारठाण्यात आणि मी जाळीच्या आत. तीन कुलपं म्हणजे लय झालं एका मुठीसाठी.

कलम सहा आणि शेवटचं. माझ्या मनासारखं विचाराल तर मला चारठाण्याला राहायचं आहे. शेजारी गोजरबाई आहे. तिचं तोंड वाईट, पण रात्री दोनदा उठून माझ्या ओसरीत बॅटरी मारेल. चिठ्ठी गळ्यात बांधून ठेवीन, पिशवीत नाही. हात कापतो, पण कानस धरल्यावर कमी कापतो. पुन्हा पोखर्णीच्या गाडीत बसणार नाही असं वचन देत नाही, कारण त्या दिवशीही मी ठरवून बसले नव्हते. कधीतरी वाट चुकेन. मरेनही. ते इथंही व्हायचंच आहे, फक्त इथं मी ते वाट बघत करते.

सगळं जमत नसेल तर निदान आठ दिवस न्या. एक मूठ कोरायला, बसवायला आणि तेल जिरायला तेवढे लागतात.

हा कागद मेल्यावर वाचायचा असतो. मी तो जिती असताना टीव्हीखाली ठेवते आहे.

सही करायच्या वेळचं लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी शंका काढू नये. दोन्ही साक्षीदार जाळीच्या बाहेर उभे होते आणि मी आत. त्यांच्या समोर मी सही केली, मग कागद गजांमधून बाहेर दिला. मनकर्णा म्हणाली, "आक्का, मृत्युपत्र लिवायल्या का पोथी?" मला तिला एक सुरी लिहून द्यायची होती, पण साक्षीदाराला काही देऊ नये, वाद होतो, असं सिद्धोधनराव म्हणाले. म्हणून ती जितेपणीच द्यावी लागेल. सिद्धोधनरावांनी कुलपाला हात लावून विचारलं, "आक्का, तोडू का?" मी नको म्हणाले. कुलूप तोडून गेलेल्या म्हातारीला पळाली म्हणतात. दार उघडून दिलं तर गेली म्हणतात.

लिहून देणार: सरजाबाई तात्याराव पोपळघट (सही, थोडी वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिले: सिद्धोधन खिल्लारे, समोरच्या घरातले (सही)

साक्षीदार दुसरी: मनकर्णा कांबळे (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: परभणी, जाळीच्या दाराशी. तारीख ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, दुपारी दोन.

शुभदा, तुळशीच्या कुंडीतली माती चाळून, तीत उदबत्तीची राख मळून एक गोळा केलाय. ओल्या फडक्याखाली गॅलरीच्या कठड्यावर ठेवलाय. घरात हसणारं कुणी नाही, गोजरबाई नाही. डाव्या हातानं दाब. दाबलास की मी समजेन. आणि ओमप्रकाश, तू दोन ओळी लिही, तोंडानं सांगू नको, तोंडानं सांगताना तू रडतोस. फडकं उद्या संध्याकाळपर्यंत ओलं राहील, मग मातीवर बोट उमटायचं नाही. तेव्हा उत्तर लवकर लिहा.